बाराच फोटो ठेवायचे तर

१९९४ च्या शरदात जिम ब्रँडनबर्ग या अमेरिकी निसर्गछायाचित्रकाराने स्वतःला एक अट घालून घेतली. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात शरद संपातापासून हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत, म्हणजे नव्वद दिवस, दिवसाला शटर एकदाच दाबायचं. ढग आले, हरीण पळालं, हात हलला तरी त्या दिवसाचा फोटो तोच. ही मालिका बरेच दिवस त्याने स्वतःपाशीच ठेवली. १९९७ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ती छापली आणि पुढे ‘चेस्ड बाय द लाइट’ या नावाने तिचं पुस्तक निघालं.

आजचा मिररलेस कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फ्रेम सहज घेतो. ताडोबात वाघाने रस्ता ओलांडायला दहा सेकंद लावले, तर तेवढ्यात दोन-तीनशे फाइली कार्डावर उतरतात. ब्रँडनबर्गची निवड शटर दाबण्याआधी व्हायची. आता ती घरी, टेबलापाशी व्हायला हवी, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती होतच नाही. हार्ड डिस्क भरते, नवी येते, जुनी कपाटात जाते. वर्षभर उन्हातान्हात आणि चिखलात वणवण करून मिळवलेल्यापैकी लोकांना दिसतात ते त्या त्या रात्री घाईघाईने सोशल मीडियावर टाकलेले चार फोटो. वर्षअखेरीची निवड हा छायाचित्रणाचाच उरलेला अर्धा भाग आहे आणि तो तितक्याच गांभीर्याने करायला हवा.

किती फोटो निवडायचे? वर्षाकाठी दखल घेण्याजोगे बारा फोटो हाती लागले तर वर्ष चांगलं गेलं म्हणावं, असं नामवंत अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं म्हणणं या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे माप अ‍ॅडम्स यांच्यासारख्या माणसाचं आहे, हे लक्षात घेतलं की बारा हा आकडा लहान वाटेनासा होतो. नव्याने सुरुवात केलेल्याचे सहा निघाले तरी पुष्कळ झाले. चाळीस निवडणाऱ्याने मात्र काहीच निवडलेलं नसतं. आकडा आधी ठरवून कागदावर लिहावा आणि समोर ठेवावा, कारण खरी परीक्षा तेराव्या फोटोपाशी सुरू होते: याला आत घ्यायचं तर बाहेर कुणाला काढायचं?

दुसरी अडचण ताजेपणाची. डिसेंबरात बसलं की नोव्हेंबरातली सहल सगळ्यात उजवी वाटते आणि फेब्रुवारीतला माळरानावरचा चंडोल आठवतसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढणारे गॅरी विनोग्रँड आपले रोल मुद्दाम वर्ष-वर्षभर डेव्हलप करत नसत. फोटो काढतानाची मनःस्थिती विसरली गेली की फोटो स्वच्छ नजरेने पाहता येतो, असा त्यामागचा हिशेब होता. डिजिटलच्या काळात इतकं थांबणं कुणाला जमणार नाही, पण वर्षाची मोजणी बदलता येते. १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असं वर्ष धरावं आणि निवडीला जानेवारीच्या मध्यावर बसावं. म्हणजे सगळ्यात ताज्या फोटोलाही सहा आठवड्यांचं अंतर मिळतं.

पहिली चाळणी मात्र वर्षअखेरीपर्यंत ठेवू नये. प्रत्येक सहलीनंतर दोन-चार दिवसांत साफ बिघडलेल्या फ्रेम काढून टाकाव्यात: फोकस चुकलेला, प्राणी चौकटीबाहेर गेलेला, एकाच क्षणाच्या वीस नकला. उरलेल्यांतल्या बऱ्या वाटणाऱ्यांना लाइटरूममध्ये किंवा जे सॉफ्टवेअर हाताशी असेल त्यात एक तारा द्यावा आणि थांबावं. दुसरा आणि तिसरा तारा वर्षाच्या शेवटी. पहिल्या दिवशीच पाच तारे वाटणाऱ्याच्या हाती डिसेंबरात पाच ताऱ्यांच्या दीड हजार फाइली येतात आणि तो पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

एकाच प्रसंगाच्या फ्रेमांतून एक कशी निवडायची, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाआधीच्या तापलेल्या दिवसांत ‘सरडा सुपर्बा’ या जातीचे नर दगडांवर चढून गळ्याखालचा पंखा उघडतात. निळा, काळा आणि तांबूस नारिंगी असा तो पंखा असतो. शास्त्रज्ञांनी या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं ते २०१६ साली. समजा, अशा एका नराच्या अठरा फ्रेम हातात आहेत. ज्या फ्रेममध्ये पंखा पूर्ण ताणलेला आहे, तिच्यात डोळ्यावर पापणी अर्धी आलेली आहे. पुढच्या फ्रेममध्ये डोळा टक्क उघडा, त्यात उजेडाचा ठिपकाही आहे, पण पंखा मिटायला लागल्याने नारिंगी भाग घडीच्या सावलीत गेला आहे. आणखी एकीत दोन्ही जमून आलं, तर वाळल्या गवताचं पातं बरोबर नाकपुडीवरून गेलेलं. चौथी एक फ्रेम अशी की पंखा पाऊणच उघडला आहे, पण पुढचे पाय दगडावर ताठ रोवलेले, नख अन् नख स्पष्ट, शेपटी टोकापर्यंत चौकटीत आणि नजर समोरच्या दुसऱ्या दगडाकडे. घाईत निवडणारा पहिली उचलतो, कारण रंग तिथे जास्त आहे. निवडावी चौथी. ही जागा माझी आहे असं तो नर सांगतो आहे, आणि ते पायांच्या पवित्र्यात आणि नजरेत दिसतं.

अशी तुलना दोन-दोन फ्रेम शेजारी ठेवूनच होते. एकामागून एक पाहिल्या तर प्रत्येक नवी फ्रेम आधीच्यापेक्षा बरी वाटते. डोळ्याची तीक्ष्णता शंभर टक्के मोठी करून तपासावी. अशा सरड्याच्या फोटोत फोकस पुष्कळदा पंख्याच्या कडेवर बसलेला असतो आणि लहान पडद्यावर ते कळत नाही. तपासून झालं की फोटो पुन्हा बोटभर आकाराचा करून पाहावा. त्या आकारातही रचना उभी राहिली, तर फोटो मोठा छापण्याच्या लायकीचा आहे. आणि चाळकेवाडीच्याच फोटोंत सरड्यामागे धूसर पवनचक्की आलेली एखादी फ्रेम असेल, तर पार्श्वभूमी बिघडली म्हणून ती लगेच टाकू नये. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्या प्राण्याला त्यांच्या सावलीतच जगायचं आहे. ती फ्रेम जास्त खरं सांगणारी असू शकते.

निवडणाऱ्याला सगळ्यात जास्त फसवते ती स्वतःची मेहनत. पहाटे साडेचारला उठून भिगवण गाठलं, थंडीत होडीत बसून कुडकुडलो, तेव्हा कुठे पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला: ही सगळी आठवण फोटोला चिकटलेली असते. पाहणाऱ्याला ती दिसत नाही. त्याला दिसतो पांढरट आकाशावरचा ठिपक्यांचा थवा. उलट घराच्या गॅलरीत, चहा घेता घेता टिपलेला शिंपी आपल्याला किरकोळ वाटतो, कारण त्यासाठी काही सोसलेलं नसतं. गुण फोटोला द्यावेत, कष्टांना नाहीत. म्हणूनच निवड करताना एकदा तरी कुणीतरी दुसऱ्याने शेजारी बसावं, आणि ती व्यक्ती त्या सहलीत सोबत नसलेली असावी. तिला काहीही सांगू नये, फक्त फोटो दाखवत जावं आणि ती कुठे रेंगाळते ते पाहावं. एक वनस्पती ओळखणारा माणूस आणि एक कॅमेऱ्याशी काहीही संबंध नसलेला माणूस, असे दोघे मिळाले तर उत्तम. फोटोग्राफर मित्रांचं मत सगळ्यात शेवटी घ्यावं. ते लेन्स कोणती होती, आयएसओ किती होता, हे विचारतात.

मेहनत फोटोत उतरते तेव्हा कशी दिसते, याचं मुंबईतलं उदाहरण अनेकांना माहीत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतल्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या नयन खानोलकर यांनी टिपला. ‘द अ‍ॅली कॅट’ या त्या फोटोला २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. कुठे थांबायचं याची माहिती तिथल्या वारली लोकांकडून मिळवणं, फ्लॅश असे लावणं की उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखाच वाटावा, आणि मग चार महिने वाट पाहणं. या सगळ्यापेक्षा निवडीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे: बिबट्याने चौकट व्यापून टाकू नये, अशी कॅमेऱ्याची जागा त्यांनी ठरवली. फोटोत घरं आहेत, भिंती आहेत, आणि त्यांच्या शेजारून आपल्या वाटेने जाणारा बिबट्या. तो जवळून, चेहरा भरून टिपला असता तर तो कुठल्याही जंगलातला बिबट्या झाला असता. आपल्या वर्षभराच्या फोटोंत अशा ‘प्राणी लहान, जागा मोठी’ फ्रेमा आहेत का, हे मुद्दाम शोधावं. पहिल्या चाळणीत त्याच सगळ्यात आधी बाद होतात.

वाघाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. सफारीत जिप्सीच्या समोर चालत येणाऱ्या वाघाचा ‘हेड-ऑन’ फोटो त्या दिवशी तिथे असलेल्या प्रत्येक गाडीत असतो. सायटिंग भाग्याचं खरं, पण असे चार फोटो बारांत आले की वर्षाचा एक तृतीयांश भाग गेला. वाघाचा एकच घ्यावा, आणि त्यात काहीतरी घडत असलेलं घ्यावं. सर्गेई गोर्श्कोव्ह यांनी रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपने टिपलेली, फर वृक्षाला मिठी मारून आपला गंध ठेवणारी वाघीण हे याचं उत्तम उदाहरण आहे. त्या एका फ्रेमसाठी अकरा महिन्यांहून अधिक काळ गेला आणि २०२० मध्ये तिला त्याच स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळाला.

वाघ एकावर आला की बाकीच्या वर्षाला जागा होते. महाराष्ट्रात फिरणाऱ्याकडे तर सामग्रीची ददात नाही. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावरचे रोहित, उन्हाळ्यात माळरानावरचे लांडगे, जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे, भरपावसात आंबोलीचे बेडूक, ऑगस्ट-सप्टेंबरात कासची फुलं. कासला गेलेला प्रत्येक जण फुलांच्या गालिच्याचा रुंद फोटो आणतो. गुडघे टेकून काढलेला, दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांत अडकलेल्या कीटकाचा फोटो फार थोड्यांकडे असतो. कारवीसारखी झुडपं तर कित्येक वर्षांतून एकदाच सामूहिक फुलतात. त्या फुलोऱ्याच्या वर्षातला फोटो जरा डावा असला तरी यादीत राहावा, कारण तो पुढच्या वर्षी सुधारून काढता येणार नाही. बारा फोटो जमिनीवर मांडल्यावर त्यांतून वर्ष ओळखू यावं: उन्हाळा कोरडा होता का, पाऊस कधी आला, आपण कुठे फिरलो आणि कुठे गेलोच नाही.

जमिनीवर मांडण्याचं अक्षरशः घ्यावं. शेवटच्या तीस-चाळीस फोटोंच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट लॅबमधून काढून आणाव्यात, खर्च फार येत नाही. त्या फरशीवर पसरून आठवडाभर येता-जाता पाहाव्यात आणि रोज दोन-तीन उचलून बाजूला ठेवाव्यात. पडद्यावर चमकणारे कितीतरी फोटो कागदावर मिटून जातात. आणि शेजारी शेजारी आले की कळतं, दोन वेगवेगळे वाटलेले खंड्याचे फोटो एकच गोष्ट सांगत होते.

निवड झाल्यावर संस्करण. या क्रमात गल्लत नको. आधी रंग खुलवून मग निवडलं तर संस्करणाचीच निवड होते. पण संस्करणाला कमी लेखायचं कारण नाही. अ‍ॅडम्स पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते म्हणत. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. घाईत प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता ठाऊक असल्याच्या बळावर त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. दुसरी प्लेट तयार होईपर्यंत दफनभूमीतल्या क्रूसांवरचं ऊन गेलंसुद्धा. त्या एकाच निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने गडद केला, आणि पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं होत गेलं. म्हणून मागच्या वर्षी बाजूला टाकलेल्या फोटोंकडेही वर्षातून एकदा परत जावं. फाइल तीच असते, पण हात सुधारलेला असतो. यासाठी रॉ फाइल जपून ठेवणं ओघानेच आलं, निदान एक प्रत घराबाहेर.

रॉ फाइल आणखी एका कारणासाठी लागते. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत ती मागतातच. पण खरेपणाची तपासणी तेवढ्यावर थांबत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चा विजेता ठरलेला, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचा फोटो पुढच्या जानेवारीत अपात्र ठरला, कारण परीक्षकांच्या मते तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता. २०१७ मध्ये गौरवलेला, ब्राझीलमधल्या चमकणाऱ्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये रद्द झाला. तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. आपल्या बारा फोटोंखाली खरं काय ते लिहावं. काजव्यांचे प्रकाशाने भरून गेलेले फोटो पुष्कळदा अनेक फ्रेम एकावर एक रचून तयार होतात. त्यात गैर काही नाही, पण ओळीत तसं नमूद करावं. खाद्य टाकून बोलावलेला पक्षी असेल तर फोटो कितीही देखणा असो, तो यादीतून काढावा.

घरट्यावरच्या फोटोंचंही तसंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणं येतं. स्वर्गीय नर्तकाच्या पिलांचा फोटो कितीही लोभस असला, तरी तो काढताना आईबाप किती वेळ दूर राहिले हा प्रश्न छायाचित्रकाराने स्वतःला विचारावा आणि उत्तर नीट देता येत नसेल तर फोटो वगळावा. फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी फाइलमधलं जीपीएस स्थान पुसावं. लांडग्याचं बीळ, घुबडाची ढोली, दुर्मीळ बेडकाचं डबकं यांचे पत्ते फुटले की पुढच्या रविवारी तिथे गर्दी जमते.

स्वतःच्या नोंदीत मात्र पत्ता पूर्ण असावा, आणि तारीखही. चंद्राचा तो फोटो नेमका कधी काढला हे अ‍ॅडम्स यांना आठवत नव्हतं. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षं दिली. शेवटी एका खगोल अभ्यासकाने चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली, आणि पुढे दुसऱ्याने ती तपासून १ नोव्हेंबर १९४१ अशी दुरुस्त केली. आज कॅमेरा वेळ आपोआप लिहितो, पण त्याचं घड्याळ परदेशवारीनंतर पुष्कळदा चुकीचंच राहतं, आणि जातीचं नाव, जवळचं गाव, अधिवास हे तो लिहीत नाही. प्रत्येक निवडलेल्या फोटोला या चार गोष्टी लगेच जोडाव्यात.

बारांत न बसणाऱ्या, पण टाकूही नयेत अशा फाइलींसाठी एक वेगळं फोल्डर करावं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एकेकाळी माळढोक दिसत असे. आता तिथे तो दिसणं अतिदुर्मीळ झालं आहे. त्या काळात कुणी लांबून काढलेला, धुरकट, पक्षी बोटभर दिसणारा फोटो स्पर्धेत टिकला नसता. आज तो दस्तऐवज आहे. आपल्या आसपासची कुठली गोष्ट अशीच नाहीशी होते आहे, हे आज सांगता येत नाही. गावाजवळचं गायरान, ओढ्याकाठचं उंबराचं झाड, बुजवली जाणारी तळी यांचे साधे फोटो त्या फोल्डरात जावेत.

उरलेल्या ढिगातही उपयोगाचं बरंच असतं. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर, बाकी सजीवांच्या ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर देता येतात. संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण ‘आयनॅचरलिस्ट’ आपणहून झाकतं. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ आहे. राणी पाकोळी, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. तशा मादीचा थोडा हललेला फोटोही तारीख, ठिकाण आणि झाडाच्या नावासह अभ्यासकांच्या कामी येऊ शकतो. बारांची निवड आटोपली की जानेवारीतला आणखी एक रविवार या फाइली चाळून पाठवण्यासाठी राखून ठेवावा.